भास्करपंताचा हंडा

अद्भुत कादंबऱ्यांविषयी माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. शंभरातल्या नव्वद निव्वळ फसवणूक असतात. नायक दरीत कोसळला की गुहेतून एक योगी निघतो आणि त्याच्या झोळीत नेमकी हवी ती भस्माची पुडी असते. अडला हरी गाढवाचे पाय धरतो, अडलेला लेखक योग्याचे.

उरलेल्या दहा म्हणजे शास्त्राच्या कादंबऱ्या. यंत्र, वीज, विमान. त्या मला आवडतात, पण मी तंजावरच्या हायस्कुलात गणित शिकवतो, त्यामुळे हातात पेन्सिल घेऊन वाचतो. चंद्र दोन लाख चाळीस हजार मैलांवर, आणि नायक सात दिवसांत तिथे पोहोचणार असेल, तर ताशी वेग किती हे मी समासात मांडून बघतो. बहुतेक लेखक भागाकारातच नापास होतात.

पुण्याहून मागवलेल्या एका कादंबरीचा लेखक मात्र पास झाला. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत ती मी वेंकूआत्यांना वाचून दाखवायला घेतली.

वेंकूआत्या माझ्या वडिलांची बहीण. आठव्या वर्षी विधवा झालेल्या, अक्षरओळख कुणी करून दिली नाही, आणि आता त्रेसष्टाव्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चार वर्षांत त्यांनी कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं. आमच्या घरी दुपारी पोथी वाचली जायची, ऐकायला शेजारच्या चौघीजणी यायच्या. गल्लीत देवनागरी वाचणारे आता मोजकेच उरलेत, त्यामुळे हे काम माझ्याकडे. त्या वर्षी पोथीच्या जागी मी कादंबरी ठेवली, आणि बायकांना त्यात काही फरकच वाटला नाही. माझ्या बायकोने, चंद्रमतीने, पुस्तकाला हळदकुंकू लावलं. वाचून झालं की उकडलेल्या हरभऱ्यांच्या सुंडलचा नैवेद्य. पुण्याच्या त्या लेखकाने हे पाहिलं असतं तर बिचारा संकोचून मेला असता.

कादंबरीचा नायक भास्करपंत. तो एका बंद पोलादी गोळ्यात बसतो आणि विजेच्या जोरावर चंद्राकडे निघतो. गोळ्याला आत्यांनी पहिल्याच दिवशी नाव दिलं, हंडा.

मी त्यांना विचारलं, "आत्या, ही गोष्ट बरी की मंत्राने उडणाऱ्यांची?"

"हीच बरी रे, सेतू," त्या म्हणाल्या. "मंत्राच्या गोष्टींत ज्याचें पुण्य मोठें तोच उडतो. मज कोण उडवील? हा हंडा बरा आहे. आंत कोण बसलें हें तो विचारीत नाही. दार लावलें की निघाला."

वीस वर्षं मी समास भरून टीका लिहितोय, पण हे मला सुचलं नव्हतं. मान्य करायला लाज वाटली, तरी रात्री पुस्तकाच्या कोऱ्या पानावर त्यांचं वाक्य लिहून ठेवलं.

अडचण पुढे आली. त्रिचनापल्लीच्या मिशन इस्पितळातल्या डॉक्टरांनी आत्यांचे डोळे तपासले होते. मोतीबिंदू पिकलाय, शुक्रवारी या, असं सांगितलं होतं. त्यानंतर ते वर्षभरासाठी विलायतेला जाणार होते, आणि वर्षभर थांबलं तर दृष्टी कायमची जाईल, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. आत्या तयार होत्या. बुधवारी दुपारी मी शेवटचं पान वाचलं. भास्करपंत पृथ्वी आणि चंद्राच्या मध्ये, हंड्यातली हवा संपत आलेली, आणि खाली छापलेलं: पहिला भाग समाप्त.

"पुढें?" आत्यांनी विचारलं.

"दुसरा भाग अजून छापून व्हायचाय. मी पत्र टाकलंय."

मला माझी चूक तेव्हा कळली. आमच्याकडे पोथी कुणाच्या मरणावर किंवा संकटावर थांबवत नाहीत. राम वनात निघाला तर त्याला निदान गुहकाच्या नावेपर्यंत पोहोचवल्याशिवाय कुणी पोथी बांधत नाही. आणि मी एका माणसाला आभाळात लोंबकळत ठेवून पुस्तक मिटलं होतं.

"तो तेथें गुदमरत असतां मी घर सोडणार नाही," आत्या म्हणाल्या.

"अहो आत्या, ती कल्पना आहे! भास्करपंत नावाचा कुणी नाहीच!"

"मग तूं भागाकार कोणाचा करीत होतास?"

मी संतापलो. एका छापील माणसापायी ही बाई आंधळी राहणार! चंद्रमतीने समजावलं, शेजारणींनी हात जोडले. आत्या ढिम्म. गुरुवार उजाडला. शेवटी मी ठरवलं की आपणच काहीतरी रचून वाचावं. दुपारी पुस्तक उघडून बसलो आणि तोंडातून शब्द फुटेना. दुसऱ्यांच्या शेकडो चंद्रांना नावं ठेवणाऱ्या माणसाला स्वतःचा एक चंद्र रचता येत नव्हता. गुहेतला योगीसुद्धा आठवला, इतकी माझी दैना.

"आत्या, मला येत नाही," मी म्हणालो.

"मग मी सांगतें," त्या म्हणाल्या. "तेथें वारा नाही म्हणालास नं?"

"नाही. पाणीही नाही."

आत्यांनी मांडीवर हात ठेवले. "भास्करपंत पोहोंचला. दार उघडलें. वारा नाही, म्हणून पायाखालची धूळ उडत नाही. हाक मारली तर ऐकूं येत नाही. असें निवांत त्यानें कधी पाहिलें नव्हतें. मग त्यानें वर पाहिलें. वर आपण होतों."

"आपण?" चंद्रमती म्हणाली.

"आपण अस्के, सगळेच. पृथ्वी. परातीएवढी मोठी, उजेडानें भरलेली. तींत कावेरी आहे, तिरुवैयारु आहे, हें घर आहे, पण तेथून तें कांही दिसत नाही. कोण सवाष्ण, कोण विधवा, दिसत नाही. नुसता उजेड दिसतो. आणि तेथें एक बाई बसली आहे. तिला सकाळपासून उपास आहे. आपण संकष्टीस चंद्राची वाट पाहतों, तशी ती आपली वाट पाहते. मी चार वर्षें चंद्र न पाहतां, तुम्ही उगवला म्हणालां म्हणून जेवतें. तिला तर तेंही सांगायला कोणी नाही. भास्करपंत तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, बाई, उगवली. मग ती जेवली."

चंद्रावरून पृथ्वी उगवत नाही, मावळतही नाही, ती एका जागी असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी पेन्सिल उचलली नाही. आपण सगळे, आमचं हे पिचकं गाव, आमची भांडणं, माझी शाळा, हे सगळं मिळून कुणाचातरी चंद्र असू, आणि कुणीतरी उपाशी बसून आपली वाट बघत असेल!

"पोहोंचला तो," आत्या म्हणाल्या. "आतां मज न्या."

शुक्रवारी शस्त्रक्रिया झाली. डावा डोळा गेला तो गेलाच, उजवा आला. दीड महिन्याने जाड भिंगाचा चष्मा लावून आत्या घरभर हिंडू लागल्या आणि मी किती म्हातारा दिसायला लागलोय ते सगळ्यांना सांगू लागल्या.

आणि मग टपालाने दुसरा भाग आला.

मी तो शाळेतच वाचून काढला. तिसऱ्या प्रकरणात भास्करपंत जागा होतो. हंडा नाही, चंद्र नाही. रात्री जेवण जड झाल्यामुळे पडलेलं स्वप्न! भागाकार नीट करणाऱ्या माणसाने असा दगा द्यावा? पुस्तक विहिरीत टाकायला मी उठलोही होतो. पण घरी आत्यांना पोस्टमनने आधीच सांगितलं होतं. पाट मांडलेला होता, शेजारणी जमल्या होत्या.

मी पुस्तक उघडलं आणि वाचू लागलो. धूळ न उडणारी जमीन, वर परातीएवढी पृथ्वी, उपाशी बसलेली बाई. पुस्तकी भाषेत, योग्य जागी पानं उलटत, आत्यांचा शब्दन् शब्द वाचला. खोटं वाचताना माझा आवाज एकदाही अडखळला नाही, कारण ते मला खोटं वाटतच नव्हतं. "बाई, उगवली," असं वाचून मी पुस्तक मिटलं.

आत्या चष्म्यातून त्या बंद पुस्तकाकडे बघत राहिल्या.

"अस्कें मी म्हणालें तसेंच लिहिलें आहे?"

"तसंच आहे, आत्या."

त्यांनी पुस्तकाला हात जोडले.

"मग तो पुण्याचा मनुष्य खरेंच जाऊन आला आहे," त्या म्हणाल्या. "नाहीतर त्या बाईचें त्यास कसें कळलें?"