आधी जेवण, मग बातमी

साल २०२३. जून महिना, आणि त्यातला तिसरा शनिवार. विजयालक्ष्मी खातू तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या. चिपळूणहून त्या तीन महिन्यांसाठी मुलाकडे, डब्लिनच्या सँट्रीत, राहायला आल्या होत्या. पाच आठवडे फ्लॅटच्या खिडकीतून उतरणारी विमानं बघून झाली, तीनदा मॉल बघून झाला, तेव्हा त्यांनी मुलाला स्पष्टच सांगितलं, "शैलेंद्र, आता मला दुकानं दाखवू नकोस. नदी दाखव. नदी असेल तिथे माणसं असतात."

शैलेंद्रने शोधून एका दिवसाची सहल काढली. बॅरो नदीच्या काठची दोन गावं, आणि दुपारी तरंगता बाजार. उन्हाळ्यातल्या काही शनिवारी सात-आठ जुन्या मालवाहू होड्या दुसऱ्या गावाच्या धक्क्याला ओळीने लागायच्या, आणि होडीवरूनच चीज, मध, पाव, लोकरीचे मोजे असा माल विकला जायचा. विजयालक्ष्मीबाईंचे डोळे चमकले. त्यांचं माहेर दाभोळचं. वडिलांचा कौलांचा आणि मिठाचा व्यापार. सगळा माल खाडीतून मचव्यांनी यायचा. मचवा लागला की गाव धक्क्यावर. पाण्यावरचा बाजार त्यांना कुणी शिकवायला नको होता.

ऐनवेळी शैलेंद्रला ऑफिसचं काम निघालं आणि सून माधवीला ताप आला. मग बारा वर्षांची रेवती आजीबरोबर निघाली.

"आय'ल माइंड यू, आजी," ती बसस्टॉपवर म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर तिथल्या हेलाच्या इंग्रजीत.

"तू मला सांभाळ, मी तुला सांभाळते. मधल्यामध्ये तुझा बाप सुटला."

बस लहानशी होती. एकोणीस प्रवासी, एक ड्रायव्हर आणि हातात यादी घेतलेला एक सडपातळ मुलगा. तो नावं वाचत आला आणि अडखळला.

"विजयालक्ष्मी खातू? आजी, तुम्ही मराठी?"

"मग, नावावरून काय जर्मन वाटले?"

मुलगा हसला. वेदांत त्याचं नाव, गाव संगमनेर. डंडॉकला मास्टर्स पुरं करून तो या सहल कंपनीत लागला होता, पण अजून पक्का झाला नव्हता. बस सुटायच्या आधी त्याने बाईंच्या सीटपाशी वाकून हळूच सांगून टाकलं. आज पहिल्यांदा तो एकटा गाइड होता. एरवी मालकीण नोराबाई बरोबर असायच्या. आज लोक खूश होऊन उतरले तर सोमवारी नोकरीचा कागद हातात. नाही तर सप्टेंबरमध्ये इथल्या व्हिसाची मुदत संपत होती. नोकरी नाही तर राहता येणार नव्हतं.

"घरी वाट बघतायत आजी. बाबांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय, पोरगं तिकडे सेटल झालं म्हणून."

"होशील की. एकोणीस माणसं म्हणजे काय रे? आमच्याकडे बारशाला जास्त असतात."

आणि पोराने सुरुवात छान केली. सनावळ्या सांगत बसला नाही. पहिल्या गावात त्याने दगडी पुलाच्या कमानी दाखवल्या. एका कमानीच्या कडेला दोरांनी घासून पडलेले चर होते. पूर्वी होड्या घोडे ओढायचे, काठाच्या वाटेवरून. वर्षानुवर्षं ओला दोर दगडावर घासला आणि दगड कापला गेला. विजयालक्ष्मीबाईंनी त्या चरात बोट घालून पाहिलं. मग एका बाईंच्या अंगणात सगळ्यांनी सोडा घालून केलेला पाव आणि लोणी खाल्लं. कॉर्कचे एक निवृत्त शिक्षक होते, फिंटन नावाचे, सहा फूट उंच आणि चेहऱ्यावर कायम पेपर तपासत असल्याचा भाव. त्यांनीसुद्धा मान डोलावली.

दहा वाजता वेदांतच्या फोनवर बाजारातल्या एका होडीवाल्याचा निरोप आला. तो वाचून त्याचा चेहरा उतरला. इकडेतिकडे पाहून तो बाईंपाशी आला.

"आजी, लोचा झालाय. रात्रीच्या वाऱ्याने नदीत झाड आडवं पडलंय. बाजाराच्या होड्या वर येऊच शकत नाहीत. तीन किलोमीटर खाली, जिथे होड्या वरच्या पाण्यात चढवायचे दरवाजे आहेत ना, तिथे अडकल्यात. बाजार तिथेच मांडतायत म्हणे. आता काय करू? लगेच सांगू सगळ्यांना?"

ड्रायव्हरला सांग, नोराला फोन कर, असं दुसऱ्या कुणीही सांगितलं असतं. पण विजयालक्ष्मीबाईंना आयुष्यात सल्ला देताना कधी विचार करावा लागला नव्हता.

"वेडा आहेस का? पोटात अन्न नसलेल्या माणसाला वाईट बातमी सांगतात का कुणी? तुझी आजी असती तर काय म्हणाली असती?"

"तेच," वेदांत म्हणाला. "आमच्याकडे पण तसंच आहे. आधी जेवू द्यायचं."

"मग? सगळ्यांना पोटभर जेवू दे. भरल्या पोटी माणूस समजून घेतो."

वेदांतच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. पुढचे तीन तास तो इतका मोकळा बोलला की बसमध्ये दोनदा हशा पिकला. दुसऱ्या गावात एक वाजता जेवण होतं. सूप झालं, मासे झाले, ॲपल पाय आला. शेवटचा चमचा खाली ठेवला गेला तेव्हा वेदांत उभा राहिला आणि त्याने झाडाची हकिगत सांगितली.

आधी नुसतीच हळहळ झाली. मग फिंटननी चष्मा काढला.

"तुला हे केव्हा कळलं?"

पोरगं खोटं बोलणारं नव्हतं. "दहा वाजता."

मग एकेकाने तोंड उघडलं. दहाला सांगितलं असतं तर सरळ तिकडेच गेलो असतो. दुसरं गाव मग बघितलं असतं. मी तर फक्त बाजारासाठी आले होते, एक बाई म्हणाली, आणि तुम्ही आम्हाला हसवत ठेवलंत, लहान मुलांसारखं. ड्रायव्हरनेही मान हलवली. रस्त्याने फिरून जायला पाऊण तास, आणि पुढे शेवटचा गाडीरस्ता अरुंद. मला सकाळीच कळायला हवं होतं. एकाने तिथल्या तिथे फोन काढून कंपनीला तक्रार लिहायला घेतली.

वेदांत सगळ्यांना सॉरी म्हणत उभा होता. कान लाल. पण त्याने एकदाही विजयालक्ष्मीबाईंकडे पाहिलं नाही. कुणी सांगितलं म्हणून केलं, हे त्याच्या तोंडून निघणार नव्हतं, हे बाईंना कळलं. त्या गप्प बसल्या असत्या तर कुणालाच काही कळलं नसतं.

"रेवती, ऊठ. मी बोलते ते इंग्रजीत सांग. जसंच्या तसं."

"आजी, नो. प्लीज. एव्हरीवन्स लुकिंग."

"बघू देत. ऊठ."

बाई उभ्या राहिल्या. चिपळूणच्या महिला मंडळात त्या बावीस वर्षं अध्यक्ष होत्या. उभं राहून बोलायला त्यांना माइक लागत नसे.

"याची चूक नाही. याने दहा वाजता मला विचारलं, सांगू का म्हणून. मी म्हटलं, आधी जेवू दे. आमच्यात तसंच असतं. उपाशी माणसाला वाईट बातमी देत नाहीत. मी मोठी, तो लहान. त्याने ऐकलं."

रेवतीने सांगितलं. मागच्या टेबलावरची म्हातारी हसून म्हणाली, आमच्या घरीही चहा झाल्याशिवाय कुणी मेल्याचं सांगत नसत. फिंटन मात्र हसले नाहीत.

"पण त्याने काय साधतं?" त्यांनी विचारलं. "बातमी तीच राहते. वेळ तेवढी जाते."

विजयालक्ष्मीबाई उत्तर द्यायला तोंड उघडून थांबल्या. उत्तर तयार होतं. पन्नास वर्षं त्या ते देत आल्या होत्या. एकोणीसशे सदुसष्ट साली त्या चिपळूणला आत्याकडे शिकायला होत्या, तेव्हा दाभोळहून काका आले. काही न बोलता त्यांनी आत्याला पोहे करायला लावले. विजूला दोन बशा खायला घातल्या आणि मग वडील गेल्याचं सांगितलं. काका किती समजूतदार, रिकाम्या पोटी मी कोसळले असते, असं म्हणून ही गोष्ट इथेच संपायची. घरात सगळ्यांनी ती तेवढीच ऐकली होती.

"रेवती, सांग त्यांना," त्या म्हणाल्या. "गोवळकोटच्या धक्क्यावरून दाभोळला दिवसाला एक लाँच सुटायची. भरतीच्या वेळी. मी पोहे खाऊन तिथे पोचले तेव्हा लाँच खाडीच्या वळणावर दिसत होती. हाका मारल्या, पण कुणाला ऐकू जाणार? दुसऱ्या दिवशी दाभोळला पोचले तोवर बाबांना पोचवून माणसं घरी आली होती."

रेवती भाषांतर करायचं विसरली. "यू नेव्हर टोल्ड अस दॅट," ती म्हणाली.

"नाही सांगितलं. काकांना वाईट वाटलं असतं. आणि मग सवयच झाली अर्धं सांगायची. तू सांग यांना, पुरं सांग."

रेवतीने पुरं सांगितलं. फिंटननी चष्मा परत घातला. "मला वाईट वाटतं, मॅडम," ते म्हणाले. "पण होड्या अजून तिकडेच आहेत."

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या आणि वेदांतकडे वळल्या. "किती लांब म्हणालास?"

"तीन किलोमीटर. नदीकाठची वाट आहे, घोड्यांची. बाजार तीनला उठतो."

"आणि आत्ता?"

"पावणेदोन."

"मग इथे कशाला कान लाल करून उभा आहेस? आमच्याकडे ओहोटी लवकर लागली तर मचवे धक्क्याला येत नसत, लांब खाडीतच थांबत. म्हणून काय बाजार बुडायचा? आम्ही टोपल्या घेऊन काठाकाठाने मचव्याकडे जायचो. होडी आपल्याकडे येत नसेल तर आपण होडीकडे जायचं. चल, पुढे हो. गाइड तू आहेस का मी?"

वेदांतने निरोप पाठवणाऱ्या त्या होडीवाल्यालाच फोन लावला. आम्ही एकोणीस जण येतोय, बहुतेक चालत, अर्धा तास जास्त थांबाल का? पलीकडून 'ग्रँड', म्हणजे चालेल, असं उत्तर आलं. मग त्याने नोराबाईंना फोन करून सगळं सांगितलं, दहा वाजल्याचंही. त्या काय बोलल्या ते कुणाला ऐकू आलं नाही, पण वेदांत तीनदा "यस" म्हणाला. ज्यांना चालवत नव्हतं अशा चौघांना ड्रायव्हर बसने फिरवून जमेल तितकं जवळ आणणार होता.

"आजी, तुम्ही बसने या," वेदांत म्हणाला.

"तू तुझं काम कर."

वाट सपाट होती, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला गुडघाभर गवत. वेदांत आता गंमती सांगत नव्हता. पुढे काय येतंय ते आधीच सांगत होता: इथे चिखल आहे, इथे फळी सैल आहे, अजून वीस मिनिटं, पावसाची एक सर येईल असं दिसतंय. सर आली. तक्रार लिहिणारा गृहस्थ भिजला आणि आणखी चिडला. दोन बायका अर्ध्यातून कंटाळून परत फिरल्या. बाकीचे चालले. फिंटननी एका घसरड्या जागी हात पुढे केला, विजयालक्ष्मीबाईंनी तो धरला.

वळण ओलांडलं आणि होड्या दिसल्या. लाल, हिरव्या, निळ्या, एकामागे एक, काठाला दोरांनी बांधलेल्या. त्यांच्या अलीकडेच ते झाड, मुळं वर करून, पाण्यात आडवं. ओल्या लाकडाचा, डांबराचा, दोराचा वास आला आणि बाई जागच्या जागी थांबल्या. छप्पन्न वर्षांत त्यांना हा वास भेटला नव्हता. एका होडीवरच्या बाईने त्यांना चाकूच्या टोकावर चीजचा तुकडा दिला. त्यांनी खाल्ला, तोंड वाकडं केलं, आणि हातवारे करून त्या बाईला विचारून घेतलं की होडी कधी बांधली, तळाला काय लावता, आणि नवरा होडीवरच राहतो का.

बस संध्याकाळी सातला डब्लिनला पोचली, ठरल्यापेक्षा सव्वा तास उशिरा. उतरताना कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण सात-आठ जणांनी वेदांतचा हात हातात घेतला.

सोमवारी नोराबाईंनी त्याला कागद दिला नाही. तीन तक्रारी होत्या आणि त्या खऱ्या होत्या. एक लांबलचक पत्रही होतं, फिंटनचं: सकाळी या मुलाने चूक केली आणि दुपारी ती सगळ्यांसमोर चालत निस्तरली, असं त्यात लिहिलं होतं. नोराबाईंनी आणखी चार सहली द्यायचं ठरवलं, एका अटीवर: काही बिघडलं तर पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं पाहिजे, कुणी जेवलेलं असो वा नसो.

फिंटन पुढच्या उन्हाळ्यात त्याच सहलीला पुन्हा आले. धक्क्यावरून होडीत उतरताना त्यांचा घोटा मोडला, आणि त्यानंतर ते कॉर्कबाहेर फारसे पडत नाहीत.

शैलेंद्र आणि माधवीने सँट्रीतलाच फ्लॅट विकत घेतला. रेवती आता पंधरा वर्षांची आहे. आजीला फोन करते तेव्हा उत्तरं अजून इंग्रजीतच देते, पण कुठलीही जुनी गोष्ट संपली की विचारते, "अँड देन?" आणि आजीला पुढचं सांगावं लागतं.

विजयालक्ष्मीबाई चिपळूणला आहेत. गुडघा बदलून झाला. २०२४ च्या मार्चमध्ये दाभोळच्या भावाला झटका आला. भाचीने सकाळी नऊला फोन केला, आडपडदा न ठेवता सांगितलं, आणि बाई साडेनऊला रिक्षात होत्या. भावाबरोबर त्यांना दोन पूर्ण दिवस मिळाले. तो बोलत होता, शेवटपर्यंत.

वेदांतला कागद ऑगस्टमध्ये मिळाला. त्याने नोराबाईंकडे दोन उन्हाळे काढले, आणि आता तो लेटरकेनीला असतो. स्वतःची बारा सीटची गाडी आहे, उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या गावांना लोकांना नेतो. गल्लीत बाबांनी जे आधीच सांगून ठेवलं होतं, ते आता खरं झालं आहे.