दरबारचा जबाब

लाखेची मोहोर उन्हानं मऊ पडली होती; भास्कररावांच्या अंगठ्याखाली ती तुटली नाही, नुसती दबली – आणि पाकिटाला दिलेल्या गंधकाच्या धुरीचा उग्र वास नाकात शिरला. "धार से आयो है, भियाजी," असं लांबूनच ओरडून, पाकीट दगडावर ठेवून हरकारा निघूनही गेला होता. प्लेगच्या दिवसांत कोणी कोणाच्या हाती काही देत नव्हतं.

त्यांनी कागद उभ्यानं वाचला, मग खाली बसून पुन्हा वाचला. 'सरकारी हुकमानें देवालय बंद असतां पूजेंत खंड पडल्यास सनदेची अट मोडली असें मानलें जाणार नाहीं. इनाम बहाल राहील. दिव्यासाठीं कोणीही ओस गांवांत जाऊं नये.'

इतकंच? इतकं सोपं होतं हे?

धरमपुरी ओस पडून बावीस दिवस झाले होते. सारं गाव शेतांतल्या झोपड्यांत राहायला आलं होतं, आणि घाटावरच्या राममंदिराचे वहिवाटदार म्हणून भास्करराव सनदेची पेटी तेवढी उचलून घेऊन आले होते. सनदेत लिहिलं होतं – नंदादीप एक दिवस जरी विझला तरी इनाम जप्त. त्या इनामावर नर्मदेच्या परिक्रमावासीयांचं सदावर्त चालायचं, अकरा घरांच्या चुली पेटायच्या. आणि देऊळ बंद करा हा हुकूमही धार दरबारचाच... मग काय करायचं? विचारायचं. कोणालाही सुचलं असतं. त्यांनाही पहिल्याच दिवशी सुचलं होतं; पण विचारलं की दप्तरातला कुणीतरी सनद उघडणार, बारकाईनं पाहणार, नको तिथं बोट ठेवणार... त्यापेक्षा गप्प बसावं, असं त्यांनी ठरवलं होतं. ठरवलं होतं? की नुसतं पुढं ढकललं होतं – उद्या, परवा, अमावास्या होऊन जाऊ दे म्हणून?

आणि तोवर पुजारी माधवभट रोज पहाटे ओढ्याच्या वाटेनं चोरून गावात जात होते, दिव्यात तेल घालून परत येत होते. "समईखाली उंदीर मरून पडलाय, भाऊसाहेब," एकदा ते म्हणाले होते. आणि आपण काय म्हणालो? "आत बसू नका. नुसतं तेल घाला नि या." हे आपण म्हणालो – हाच आवाज, हीच जीभ! त्यानंतर तिसऱ्या दिवशी माधवभटांच्या जांघेत गाठ आली, ते तापात बरळू लागले, आणि तेव्हा कुठं भास्कररावांनी धारला अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी माधवभट गेले. अर्जाचा जबाब यायला लागले चार दिवस. गप्प बसण्यात गेले अठरा, उत्तराला चार...

"जप्तीचा कागद ना?"

माधवभटांच्या सावित्रीबाई झोपडीच्या कुडाशी उभ्या होत्या. "हे पडल्यापासून दिवा नाही. मला वाटलंच होतं."

"नाही, वहिनी. इनाम बहाल आहे."

"बहाल आहे?" तीन दिवस दगडासारखा असलेला तो चेहरा एकदम सैल झाला. "म्हणजे यांच्या फेऱ्या कामी आल्या."

आता सांगायला हवं होतं. आता, याच क्षणी.

"हो," ते म्हणाले. "कामी आल्या."

सावित्रीबाईंनी डोळे पुसले, पदर नीट केला. "मग आता आणखी खंड नको पडायला. उद्यापासून मी जाते. सुतक आहे खरं, पण राम समजून घेईल. तेलाचा बुधला कुठं असतो ते ठाऊक आहे मला."

आणि भास्कररावांच्या छातीत काहीतरी हलकं झालं – चला, दिव्याची सोय लागली!

पापणी लवेपर्यंतच. पण झालं होतं हलकं. कागद हातात असताना, दिव्याची काही गरज उरलेली नसताना... झोपड्या, बाभळी, समोर उभी असलेली ही बाई – सगळं होतं तिथंच होतं, फक्त आपण कोण हे मात्र त्यांना कळेनासं झालं.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही जायचं नाही."

"का?"

ती वाट पाहत होती. त्यांना भीती तिची वाटत नव्हती, गाठीच्या तापाचीही नव्हती. आपल्या आत बसून इतक्या सहज माणसाची सोय लावणारा हा कोण, हे पन्नास वर्षांत त्यांना कधी दिसलं नव्हतं. आणि आता दिसला होता, तर त्याच्याच तोंडानं तिला खरं सांगायचं होतं...