ओठांवरचं उत्तर

बेल्याच्या बाजारात नागोरावांचं किराणा दुकान होतं, आणि त्याच दुकानात त्यांची शाळाही. विद्यार्थी एकच, त्यांची लेक मनकर्णा. तिची आई मथुराबाई तापानं गेली, तेव्हापासून नागोरावांना पोर घटकाभरही नजरेआड झालेली चालायची नाही. मग मास्तर घरचाच. ते स्वतः मॅट्रिक होते आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

तराजूपाशी पोतं टाकून ती बसायची. ते गणित घालायचे; बरोबर आलं की गुळाचा खडा. ती अडली की यांचा जीव खालीवर व्हायचा आणि उत्तर आपसूक त्यांच्या ओठांवर यायचं. आवाज नाही, नुसते ओठ हलायचे. पोर चुणचुणीत, मान वर करून त्यांच्याकडं पाहायची आणि झटकन उत्तर द्यायची. गूळ ठरलेलाच.

एकदा हेडमास्तर उद्धवराव दुकानी आले. म्हणाले, "नागोराव, घरी शिकवा, माहं काही म्हणणं नाही. पण वर्षातून एकदा पोरीले शाळेच्या परीक्षेले तर बसवा. दुसऱ्या कोणी तपासलं पाह्यजे."

"काऊन? माह्या पोरीवर भरवसा नाही?" नागोराव भडकले. "तुमच्या दहावीच्या पोराइले पावकिलोचा हिशेब येत नाही, गुरुजी! तिची परीक्षा घेणारे तुमी कोण?"

उद्धवराव चहा न पिताच गेले.

मनकर्णाला नर्स व्हायचं होतं. आईच्या उशाशी बसल्या बसल्याच तिनं ते मनात धरलं होतं. त्यासाठी दहावी हवी. ब्याण्णव साली ती बाहेरून परीक्षेला बसली आणि गणितात नापास झाली. नागोरावांनी तपासणाऱ्याला शिव्यांची लाखोली वाहिली. पुढच्या वर्षीही तेच. तिसऱ्यांदाही ती गणितातच राहिली.

"बाबा," मनकर्णा म्हणाली, "पेपरात सगळं ओळखीचं वाटते. मंग माही मान वर होते, आन् तिथं तुमी नसता."

नागोरावांना आधी कळलंच नाही. मग आपले हलणारे ओठ आठवले. एवढी वर्षं आपण मायेनं पोरीचा घात करत आलो, हे त्यांना उमगलं आणि काळीज फाटलं.

"आता विचारा," ती म्हणाली. "पण सांगू नका."

त्यांनी गणित घातलं. साधंच, दोन नळांनी हौद भरायचं. आणि पहिल्यांदाच ते तिच्याकडे पाठ करून बसले. ओठ घट्ट दाबले, तरी उत्तर आतून धडका देतच होतं. डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरलं. मागं पाटीवर पेन्सिल जराशी कुरकुरली, मग थांबली. एक गिऱ्हाईक आलं आणि हाक मारून परत गेलं.

"बाबा," बऱ्याच वेळानं वीस वर्षांची मनकर्णा लहान पोरीसारखी म्हणाली, "इकडं पाहा ना."