नहाई नावाची बाई

ऋतुजा शाळेत माझी विद्यार्थिनी होती तेव्हापासून तिला वेश बदलायची भारी हौस. आता ती फोटोग्राफर झाली आहे आणि वेश बदलून स्वतःचेच फोटो काढते. इंग्रजांच्या काळात साहेबांनी इथल्या बायकांचे जे फोटो काढले, त्यांतल्या किंवा जुन्या छापील चित्रांतल्या बायकांसारखी ती नटते, समोर कॅमेरा लावते आणि मुठीत लपवलेल्या रिमोटचं बटण दाबते. एका फोटोत ती मडमेच्या घरची आया आहे. एकात कॅलेंडरवरची भारतमाता. सिंह मिळाला नाही म्हणून शेजारी मेंढरू.

प्रदर्शनासाठी शेवटचा फोटो त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता आणि नेमका तोच जमत नव्हता. सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर पांढरी चादर ताणून ती सकाळपासून उभी होती.

ज्या जुन्या फोटोवरून ती या वेळी नटली होती, त्यात घोंगडं पांघरलेली एक धनगरीण होती. ऋतुजाही धनगराचीच लेक.

"बाई, बाकीच्या सगळ्या जमल्या, आपलीच जमंना," ती मला म्हणाली. "नुसती बिचारी दिसते. असला खोटा फोटो मी भिंतीवर लावणार नाही. त्यापेक्षा जागा रिकामी ठेवीन."

तिची आत्या मायाक्का सांगोल्याहून घोंगडं घेऊन आली होती. ती सावलीत बसून शेंगा खात होती.

"उपाशी दिसतीयास, बिचारी कसली! दोन घास खा आदी."

"आत्ती, गप गं."

"बरं, हिचं नाव तरी काय?"

ऋतुजानं फोटोखालची इंग्रजी अक्षरं वाचली. "नहाई. मेंढपाळ स्त्री, सोलापूर जिल्हा."

"नहाई? असलं नाव आमच्यात न्हाय."

ऋतुजा थबकली. "काय म्हणलीस?"

"न्हाय म्हणलं."

"परत म्हण."

"न्हाय, न्हाय, न्हाय! कान फुटलं का तुझं?"

ऋतुजानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग आम्ही दोघी एकदमच हसत सुटलो. मायाक्काला काही कळेना. ऋतुजानं तिला समजावलं, "अगं, साहेबानं कायतरी इचारलं, ही म्हणाली न्हाय, आन त्यानं तेच नाव म्हणून लिवलं!"

"आगं बया!" मायाक्कानं कपाळावर हात मारला. "फोटू काडू का म्हणला आसंल मुडदा. आन न्हाय म्हणली तरी काडलाच की!"

आम्ही तो फोटो पुन्हा पाहिला. इतके दिवस आम्हाला तिच्या चेहऱ्यावर दुःख दिसत होतं. आता तिची वर उचललेली हनुवटी दिसली. ओठ किंचित उघडे होते. ती बोलत होती.

ऋतुजा धावत चादरीपुढे गेली. तिनं घोंगडं सावरलं, थेट कॅमेऱ्यात पाहिलं आणि ठणकावून म्हणाली, "न्हाय!"

"आसं! आता कशी आमची वाटतीस!" म्हणत मायाक्का उठली आणि कौतुकानं तिची दृष्ट काढायला हात पुढे करून गेली. तेवढ्यात ऋतुजाच्या मुठीतलं बटण दाबलं गेलं.

फोटो पाहिला. हनुवटी वर, डोळे लखलखते, ओठांवर तो शब्द आणि त्यामागून फुटू पाहणारं हसू. एका कोपऱ्यात मात्र मायाक्काचा हिरव्या बांगड्यांचा हात आला होता.

"छान आलाय गं," मी म्हणाले, "पण तो हात मध्ये आला. पुन्हा एक काढ."

शाळेत माझा शब्द कधी न मोडणारी ती मुलगी माझ्याकडे बघून हसली.

"न्हाय, बाई," ती म्हणाली आणि तिनं तोच फोटो पाठवून दिला.