जंगबारी घास

हरेश्वर आफ्रिकेतल्या जंगबारहून परतला तेव्हा त्याच्या ट्रंकेत लवंगांची पुरचुंडी होती, अंगावर मूठभर मांस चढलं होतं आणि पोटातली जुनी जळजळ तिकडेच राहिली होती. भोईवाड्यातल्या चाळीला मात्र एकच गोष्ट दिसली. माणूस समुद्र ओलांडून आला, म्हणजे बाटला!

गेला होता तो धर्मकार्याला. माझगावच्या दवाखान्यात तो कंपाउंडर. एका भाटिया शेठने जंगबारला धर्मार्थ दवाखाना काढला, तिथे देवीची साथ आली आणि डॉक्टरला हाताखाली माणूस मिळेना. हरेश्वर आपणहून गेला. मुंबईत असताना हा गडी उभ्याउभ्या चार घास कोंबून ट्रामच्या मागे धावायचा आणि रात्री खायचा सोडा घेऊन कण्हत पडायचा. तिकडे घाई कशाशी खातात हे कोणाला ठाऊक नव्हतं. औषध न्यायला आलेला माणूसही आधी ओसरीवर टेकायचा, तुमची आई कशी आहे विचारायचा, मग स्वतःचा आजार सांगायचा. दुपारी सगळं गाव माडांच्या सावलीत. जेवण म्हणजे निवांत बसून करायचं काम. सुरुवातीला हरेश्वर वैतागला. पुढे पुढे सोड्याची पुडी कुठे ठेवली तेच तो विसरला.

त्याची बायको अंबिका मात्र मेटाकुटीला आली होती. नवरा धडधाकट परत आला याचा आनंद तिला होताच. पण शेजारणी तिच्या घरचं पाणी पीत नव्हत्या, हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं होतं, आणि नळावर तिची घागर दिसली की सखुबाई आपली घागर फरफटत बाजूला न्यायची. सखुबाईचं एक वेळ सोडून देता आलं असतं, पण तिचे यजमान तुळशीदासनाना जातीचे म्होरके होते.

पुष्कळ पाया पडल्यावर नाना एकदाचे वळले. हरेश्वरने प्रायश्चित्त घ्यावं आणि जातीला जेवण घालावं. पंगतीत तो सगळ्यांबरोबर बसेल, सगळ्यांबरोबर उठेल. त्याचं जेवण व्हायच्या आत कोणी उठलं तर पंगत मोडली. आणि पंगत मोडली की माणूस कायमचा बाहेर.

आता बसून जेवायचं, यात अवघड ते काय? अवघड होते ते नाना. इतरांचा वरणभात कालवून होतो न होतो तोच नानांचं ताक पिऊन झालेलं असे. मग ते रिकाम्या पानापुढे बसून लोकांकडे असे बघत की लोक हातातली जिलबी खाली ठेवत. कित्येक वर्षं अख्खी जात पंगतीतून अर्धपोटी उठत होती आणि घरी जाऊन गुपचूप पोहे खात होती. नाना स्वतः रात्रभर आंबट ढेकर देत ओटीवर येरझारा घालायचे, ते वेगळंच.

"अहो, आज तरी भराभर जेवा," अंबिका सकाळपासून नवऱ्याच्या मागे लागली होती. "तुमचं ते जंगबार एक दिवस खुंटीला टांगून ठेवा."

"बरं," हरेश्वर म्हणाला. प्रायश्चित्तात मिशी गेल्यामुळे तो आधीच बिचारा दिसत होता.

चाळीपुढच्या मांडवात पत्रावळी मांडल्या. हर हर महादेव झालं. रिवाजाप्रमाणे नाना गरजले, "मंडळी, सावकाश होऊ द्या!" आणि पहिला घास त्यांनी न चावताच गिळला. हे वाक्य प्रत्येक पंगतीत म्हणतात. ते मनावर घ्यायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हरेश्वरने ते मनावर घेतलं.

त्याने भात कालवला, घास तोंडात घातला आणि चावला. चावतच राहिला. मग शेजारच्या रघूला विचारलं, "काय रे, आईचे गुडघे कसे आहेत?" दाराआड उभ्या अंबिकेला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

नानांचं आटोपलं. त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली तसे एकेकाचे हात थबकले. हरेश्वरचं अजून वालाचं बिरडंच चाललं होतं. नाना खाकरले. त्यांनी मांडी बदलली. शेवटी त्यांनी डावा हात गुडघ्यावर टेकला.

तो गुडघा जमिनीवरून उचलला की सगळं संपलं. अंबिकेने पदराचा बोळा तोंडात धरला.

"आचारी!" रघू ओरडला. "भात आण इकडे. वरण पण आण."

नानांनी डोळे वटारले.

"बघताय काय, नाना? तुम्हीच बोललात ना, सावकाश होऊ द्या? हरेश्वराचं होईस्तोवर उठायचं नाय. मग मी उपाशी कशाला बसू?"

मग पलीकडच्या टोकाकडून हाक आली, "जिलबी इकडे!" लगेच तिसरा म्हणाला, "मला बिरडं!" आणि बघता बघता पंगत जेवायला लागली, अगदी खरीखुरी. सगळ्यांची पानं भरलेली असताना उठायचं म्हणजे म्होरक्यानेच पंगत मोडायची, दोष हरेश्वरवर ढकलायची सोय नाही. नानांचा हात गुडघ्यावर तसाच राहिला. आचारी समोर येऊन उभा होता.

"वाढ," नाना पुटपुटले. "थोडंच."

दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून नाना चावू लागले. थोड्या वेळाने त्यांच्या भुवया वर गेल्या. "बिरड्यात आज गूळ घातलास काय रे?"

"नेहमीच घालतो, नाना," आचारी म्हणाला.

अखेर हरेश्वरने ताकाचा द्रोण खाली ठेवला आणि सगळी पंगत एकदम उठली. दाराआड अंबिका ढसाढसा रडली.

हात धुऊन नाना तिच्या दारापाशी आले. पोटावर हात फिरवत ते नेहमीच्या जळजळीची वाट बघत होते, आणि ती काही येत नव्हती. "सूनबाई," ते म्हणाले, "पाणी दे गो."

सखुबाईने आ वासला. अंबिकेने आपल्या घरच्या माठातून तांब्या भरला. लगबगीत थोडं पाणी उंबऱ्यावर सांडलं. नानांनी सवयीने तांब्या घाईघाईत तोंडाला लावला.

सकाळपासून भराभर, भराभर करणारी अंबिका डोळे पुसून म्हणाली, "नाना, सावकाश होऊ द्या."

नाना थांबले. मग ते तिच्या ओल्या उंबऱ्यावर टेकले आणि सगळ्या जातीच्या देखत एकेक घोट घेत ते पाणी प्यायले.