तीन आणि एक

भुयार प्लायवूडचं होतं, वरून मातीचा लेप. शत्रूच्या खंदकाखाली खणत जाणारे सैनिक त्यात अडकतात, असा प्रसंग चित्रित व्हायचा होता. ‘खरं वाटलं पाहिजे’ म्हणून दिग्दर्शकानं एक म्हातारा खाणकामगार सल्ल्याला आणला होता. सगळे त्याला बाबा म्हणत.

बाबांनीच भावजयीला कपड्यांच्या खात्यात लावून दिलं होतं. ती भुयाराच्या तोंडाशी घमेलं घेऊन बसे आणि कोऱ्या गणवेशांना माती चोळे. तीस वर्षांपूर्वी तिचा नवरा, बाबांचा धाकटा भाऊ, खाणीत गेला. “दरड आली अन् त्याच क्षणी गेला, कळलंसुद्धा नाही त्याला,” बाबांनी सांगितलेलं. त्या एका वाक्याच्या उशीवर ती तीस वर्षं निजत आली होती.

आत नट दोन्ही मुठींनी फळ्या बडवू लागला.

“कोण आहे? दूधवाला?” कॅमेरावाला म्हणाला. सगळे खो खो हसले. नटही हसला.

“बाबा, अडकलेला माणूस कसा ठोकतो हो?” दिग्दर्शकानं विचारलं.

बाबांनी भावजयीकडे पाहिलं. “मला काय ठाऊक?”

“घ्या! मग तुम्हाला काय शोभेला आणलंय?”

नटानं पुन्हा बडवलं. पुन्हा हशा. बाबांना हसू आलं नाही. असा नव्हता रे तो आवाज. त्यावर कुणी हसलं नसतं.

ते रांगत आत गेले. दगड उचलला. ठक, ठक, ठक. थांबले. ठक. मग फळीला कान लावला आणि डोळे मिटले.

“श्वास पुरवायचा असतो,” ते म्हणाले. “तीन म्हणजे मी आहे. एक म्हणजे एकटाच आहे.”

कुणी हसलं नाही. बाहेर घमेल्यातला हात थांबला होता.

“भाऊजी,” ती म्हणाली, “किती वेळ?”

खोटं बोलायला बाबांना आता जीभच सापडेना. “दोन दिवस.”

“तुम्ही उलट ठोकलंत?”

“ठोकलं. येतोय म्हणून. मग विषारी वायू सुटला. मुकादमानं आम्हाला वर ओढलं, खाणीचं तोंड बुजवलं.”

“तेव्हाही हे ठोकत होते?”

बाबांनी मान हलवली. हो.

तिच्या मांडीवर त्या अडकलेल्या सैनिकाचा सदरा होता. पदराच्या टोकानं तिनं त्याची कॉलर पुसली, मग खांदे, मग एकेक गुंडी, लेकराचं तोंड पुसावं तशी हळूहळू.

“अहो बाई, माती लावायचीय, काढायची नाही!” दिग्दर्शक ओरडला.

ती पुसतच राहिली. बाबा भुयारात दगड धरून तसेच बसले. खाली ठेवला असता तर आवाज झाला असता.