बंद केला, पाच चाळीस

तळहातावर निळ्या बॉलपेननं लिहिलेलं: बंद केला. ५.४०.

आईनं एकदा वरणात चहापत्ती घातली होती.

दसरा होऊन दोन आठवडे झाले तरी टेबलाखाली झेंडूच्या पाकळ्या निघत होत्या.

बसस्टँडपर्यंत जाऊन परत. कुलूप ओढून पाहिलं. पुन्हा बसस्टँड.

"बाई, आज बी चालूच!"

हे दयानंद सर, मुख्याध्यापक. तळहात गुरम्माचा. देगलूरच्या एका हायस्कुलात ती एकोणतीस वर्षं क्लार्क. रोज संध्याकाळी ती कॉम्प्युटर 'शट डाऊन' करायची, स्क्रीनचं बटण दाबायची, कुलूप लावून निघायची. रोज सकाळी कॉम्प्युटर चालू, त्याचा सीपीयूचा डबा तापलेला. भिंतीवरचं बटण बंद करायची सोय नव्हती. हजेरीचं मशीन त्याच बोर्डावर होतं.

"वय झालं तुमचं," सर म्हणाले. "आज कॉम्प्युटर विसरलात, उद्या घर विसरताल."

सर हसले. गुरम्मा हसली नाही. आई साठीत विसरायला लागली होती. गुरम्माला सत्तावन्न पूर्ण. तळहातावरचं अक्षर तिचंच होतं. पण लिहिलं म्हणजे केलं, असं कुठं असतं?

शनिवारी दुपारी हनीफ मिस्त्री आला. प्रिंटरसाठी. प्रिंटर झाला, त्यानं कॉम्प्युटर बंद केला आणि पिशवी आवरायला घेतली. स्क्रीन काळी झाली.

मग डब्यातला पंखा घरघरला.

"आं? मी तर बंद केला याला."

गुरम्मा खुर्चीत बसली. "तुमीच बंद केला ना, हनीफभाई?"

"हाव."

"तुमच्या हातानं?"

"मग काय पायानं?"

"अजून एकदा करा."

त्यानं केला. पाच आकडे मोजेपर्यंत पुन्हा चालू.

"अजून एकदा."

"बाई, सिनेमा हाय का हा? बंदच होत न्हाई, रिस्टार्ट होऊन राहिलाय. कवापासून हाय असं?"

गुरम्मानं तोंडाला पदर लावला होता.

हनीफनं दोन सेटिंग बदलल्या. बंद. चालू. इंटरनेटची वायर काढली. बंद. चालू. कीबोर्ड, माऊस उपटले. चालू. दर वेळी तो वैतागत होता आणि तिचा चेहरा उजळत होता. शेवटी तो मोबाइलची बॅटरी लावून डब्यापुढं उकिडवा बसला. नखानं बटण दाबलं. ते आत गेलं, वर येईना. स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं तर लाल खपली निघाली.

"हे बगा. बटण अर्धवट दबून राहतंय. बंद झाला की त्याला वाटतंय कुणीतरी चालू करून राहिलंय. पर हे लाल काय?"

"कुंकू," गुरम्मा म्हणाली. "दसऱ्याची पूजा."

"बटणावरच?"

"मग त्याला कपाळ कुठं हाय?"

हनीफ हसायला लागला. गुरम्मा मात्र थांबेना. "वाटी दामिनी मॅडमची. स्टीलची, कडेला चेपलेली. पाणी जास्त झालं, कुंकू ओघळलं. मी रुमालानं पुसलं, हिरव्या काठाचा रुमाल. आधी कपाटाला लावलं, मग घंटेला, मग ह्याला. फूल ठेवलं तर घसरून पडलं, दोनदा. मग मी..."

"बस करा बाई! मी काय पोलीस हाव?"

दारात दयानंद सर उभे होते. "म्हणजे चूक तुमचीच!"

"हाव सर! माझीच! पक्की माझीच!"

सरांनी चहा मागवला.

हनीफनं बटण स्पिरिटनं पुसलं, चारदा दाबून पाहिलं, जागेवर बसवलं. 'शट डाऊन.' तिघंही डब्याजवळ वाकले. पंखा थांबला. एक मिनिट गेलं, दोन गेली. चहा आला, निवला. तिघं तसेच वाकून काहीच नसलेलं ऐकत राहिले.

शेवटचे सात महिने आई गुरम्माला रोज विचारायची, "बाई, तुमी कोन्या गावच्या?" आणि गुरम्मा रोज गावाचं नाव सांगायची.